दातांनी ऐकलेली गिटार

त्यांच्या दुकानातल्या एकूण एक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर दातांच्या खुणा होत्या. पिवळ्या मुठी, लाल मुठी, एक जुनी लाकडी. सगळ्या उंदरांनी कुरतडल्यासारख्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काही बोलण्याऐवजी त्याच मोजत उभी राहिले. अनोळखी माणसासमोर माझं असंच होतं. बोलायचं ते राहून जातं आणि बाकी सगळं दिसत राहतं.

आमच्या परतूरमध्ये त्यांना सगळे साउंडवाले काका म्हणत. मीही काकाच म्हणायचे. दुकान गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. दुकानात पाय ठेवायला जागा म्हणजे फरशीचे तीन तुकडे. उरलेल्या जागेत उघडे पडलेले अँप्लिफायर, पोटं फाटलेले स्पीकर, लग्नात भिजलेले कर्णे. उसाचा हंगाम सुरू झाला की दारासमोर ट्रॅक्टरांची रांग लागायची. प्रत्येक ड्रायव्हरला टेप बसवून हवा असायचा, आणि प्रत्येकाला तो शेजारच्यापेक्षा मोठा हवा असायचा.

“काका, पार मागच्या ट्रॉलीला ऐकू गेलं पाहिजे.”

“मागच्या ट्रॉलीत ऊस हाय. उसाला काय ऐकवतो?”

“मागच्या ट्रॅक्टरला हो.”

“त्याला त्याचा टेप हाय. त्यो तुला ऐकवून राह्यला, तू त्याला ऐकवून राह्यला. ऐकून कोण राह्यलंय?”

असं म्हणत ते टेप बसवून मात्र द्यायचे, आणि मागितल्यापेक्षा मोठाच.

माईक तपासायची त्यांची पद्धत सगळ्या गावाला माहीत होती. हॅलो, वन, टू, थ्री त्यांनी कधीच केलं नाही. त्यांचं म्हणणं, आकड्यांत जीव नसतो, सगळे एका चवीचे लागतात. माईकला घरातलं बोलणं द्यावं. म्हणून ते काकूंनी सांगितलेली किराण्याची यादी म्हणायचे. “हॅलो, जिरं. जिरं पाव किलो. हॅलो, मोहरी. खोबरं. खोबऱ्याची वाटी चांगली बघून.” मंडप बाजारपेठेजवळ असला तर दुकानदार यादी ऐकून पुडे बांधूनच ठेवायचा. काकूंच्या घरात हिंग संपलाय, हे एकदा मला आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना कळलं होतं.

मी त्यांच्याकडे गेले त्याला कारण होतं आदल्या वर्षीचं हळदीकुंकू.

आई आमच्या भागातल्या महिला मंडळाचं काम करते. संक्रांतीनंतर मंडळाचं मोठं हळदीकुंकू असतं, मैदानात मंडप घालून, दुपारी. तीनचारशे बायका येतात. त्या वर्षी आईने मला न विचारता कार्यक्रमात माझं नाव घातलं. मी पुण्याला शिकायला असताना गिटार शिकले होते, तीही नायलॉनच्या तारांची. लोक सिनेमात बघतात ती लोखंडी तारांची गिटार वेगळी. ती खणखणीत वाजते. नायलॉनची गिटार बोटांनी छेडायची असते आणि तिचा आवाज खोलीपुरताच असतो. मला ती त्यासाठीच आवडली होती. दार लावलं की बाहेर काही जात नाही.

मंडपात माझ्यासमोर एक माईक ठेवला होता. मी मान खाली घालून वाजवायला सुरुवात केली. साडेचार मिनिटांची रचना होती. मी शेवटच्या ओळींपर्यंत पोचले होते तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाई वाकून त्यांच्या माईकवर गोड आवाजात म्हणाल्या, “ताई, तार जुळवून झाली असेल तर सुरू करा.”

मी उठले, नमस्कार केला आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या, कारण पुढचा कार्यक्रम उखाण्यांचा होता.

तर या वर्षी आईने पुन्हा नाव घातलं. मी मनाशी ठरवलं, याही वर्षी तसंच झालं तर गिटार पुन्हा चारचौघांत काढायची नाही. कोणाला सांगितलं नाही, पण ठरवलं ते पक्कं होतं. आणि मग डिसेंबरात एका सकाळी गिटार पाठीला लावून मी काकांच्या दुकानात जाऊन स्क्रूड्रायव्हर मोजत उभी राहिले.

“काय बिघडलंय?” काकांनी विचारलं.

“काही नाही. हिचा आवाज मोठा करायचाय.”

“आँ?”

मी पुन्हा सांगितलं. ते हात कानामागे धरून पुढे वाकले. मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गिटारकडे.

“आधी हिचा करू का तुझा?”

हे ऐकून मी परतच फिरणार होते. पण तोवर त्यांनी गिटार मांडीवर घेतली होती, आणि ज्या हातांनी ते ट्रॅक्टरच्या टपाला छिद्रं पाडायचे त्या हातांनी ती अशी धरली होती, जशी आई नुकतंच झोपलेलं पोर धरते. एक तार छेडली. पुन्हा छेडली. दोन्ही वेळा ते तारेकडे नव्हे, पेटीच्या लाकडाकडे बघत होते.

“माय,” ते म्हणाले, “हे तर कानात सांगायचं वाद्य हाय. अन् तुला ते मंडपात सांगायचंय.” मग खुर्चीवरून उठलेच. “बस. करू. कव्हा पाहिजे?”

नवीन काम आलं की त्यांचं उभं राहणं बदलायचं. चपला काढून ठेवायचे. दारातल्या ड्रायव्हरला “संध्याकाळी ये” म्हणून घालवून द्यायचे. पडद्याआडून काकू विचारायच्या, “काय आलंय?” आणि हे म्हणायचे, “चहा कर, मोठं आलंय.”

त्यांच्याकडे एक पिकअप पडून होता. गिटारच्या तारांखाली बसवायची चुंबकाची लांबट पट्टी. कोणा ऑर्केस्ट्रावाल्याने दुरुस्तीला टाकलेली, परत न नेलेली. ती त्यांनी गिटारच्या भोकावर आडवी बसवली, वायर जोडली, अँप्लिफायर चालू केला आणि मला खूण केली. मी वाजवलं. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

त्यांनी वायर बदलली. काही नाही. दुसरी वायर कापून नवीन पिन जोडली. काही नाही. अँप्लिफायर उघडला, त्याला कुठे कुठे ब्रशने साफ केलं, त्याच्याशी बोलले. “ताप आलाय का तुला? कालपर्यंत बराबर होता.” संध्याकाळी मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी दुसरा अँप्लिफायर काढला होता आणि पिकअपच्या तारेचं अख्खं वेटोळं उलगडून पुन्हा गुंडाळत होते, केसासारखी बारीक तार, न तोडता. दुपारपर्यंत ते चाललं. मी स्टुलावर बसून बघत होते.

आता सांगायला लाज वाटते, पण ते का वाजत नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांपासून माहीत होतं. चुंबकाच्या पिकअपला लोखंडी तार लागते. नायलॉनची तार त्याच्यासमोर कितीही थरथरली तरी त्याला पत्ता लागत नाही. हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला, त्याच्याच दुकानात, त्याच्याच स्टुलावर बसून कसं सांगायचं? मला वाटलं त्यांना कळेल. कळलं की ते स्वतःच म्हणतील, आणि मी काही बोलले नाही हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास काका थांबले. खाली पडलेलं एका स्पीकरचं चुंबक उचललं आणि गिटारच्या पहिल्या तारेला लावलं. चिकटलं नाही. दुसरीला लावलं. मग खालच्या सुरांच्या तीन जाड, चंदेरी तारांना लावलं. त्यांनाही चिकटलं नाही.

“ह्या तर तारच हायेत की,” ते पुटपुटले.

“वरून चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते,” मी म्हणाले. “आत नायलॉनच असतं.”

ते हळूच वळले.

“हे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“कव्हापासून?”

“कालपासून.”

“मंग बोलली का न्हाई?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“अन् आता काय गुदगुल्या होऊन राह्यल्यात का मला?”

पडद्याआड काकू इतक्या जोरात हसल्या की त्यांच्या हातातलं भांडं पडलं. काकांनी रागाने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. हसता हसता ते एकदम गंभीर झाले. “इथं यायचं तर एक अट. जे दिसंल ते बोलायचं. मला वाईट वाटू दे. बिलकुल वाटू दे. वाईट वाटून माणूस मरत न्हाई, पण दीड दिवस गेला माझा.”

त्या दिवसानंतर मी त्या दुकानात जेवढं बोलले तेवढं शाळेच्या दहा वर्षांत बोलले नसेन.

तारेचा नाद सोडून आता लाकडाचा नाद घ्यायचा असं ठरलं. काकांनी जुन्या गजराच्या घड्याळाच्या पोटातून एक पितळी चकती काढली, रुपयाएवढी, कागदासारखी पातळ. घड्याळात ती ओरडायचं काम करते. पण उलट बाजूनेही चालते, लाकडाला चिकटवली तर लाकडाची थरथर पकडते. प्रश्न एवढाच, की चिकटवायची कुठे. गिटारच्या पेटीवर जागा बदलली की आवाज बदलतो.

इथे मला त्या दातांच्या खुणांचा उलगडा झाला. काकांनी एक स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ दातांत धरली आणि टोक गिटारच्या पॉलिशवर टेकवायला आणलं.

“ओरखडा पडेल,” मी म्हणाले. अट पाळत होते.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि पडद्यातून हात आत घातला. “लाटणं दे.”

“पोळ्या चालू हायेत,” आतून काकू.

“जल्दी दे. गिटार ऐकायचीये.”

पुढचा तासभर काका एक टोक दातांत आणि एक टोक गिटारच्या पोटावर असं लाटणं धरून, डोळे मिटून बसले होते. मी एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि ते लाटणं बोटभर सरकवत होते. तोंड भरलेलं असल्यामुळे मत हातानेच कळायचं. हात आडवा हलला की नको. मूठ वळली की कोंदट. मध्येच त्यांनी लाटणं काढून सांगितलं, “हितं पाणचट हाय,” आणि थोडं पुढे गेल्यावर, “हितं करपलाय.” त्यांच्याकडे आवाजाला सगळे शब्द स्वयंपाकघरातले होते. मग एका जागी, जिथे तारा पेटीला बांधलेल्या असतात त्या ब्रिजच्या थोडं मागे, ते थांबले. डोळे उघडले नाहीत. मी सूर बदलला, मग दोन सूर, मग माझ्या नकळत त्या रचनेच्या पहिल्या ओळी. त्यांनी हाताने खूण केली, चालू ठेव. लाटण्यावर त्यांची लाळ ओघळत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझं वाजवणं ऐकणाऱ्या कोणाच्याही चेहऱ्यावर तोवर पाहिलं नव्हतं.

“शिजलंय,” लाटणं काढून ते म्हणाले. “हितं बराबर शिजलंय.”

चकती आतून चिकटवायची होती. तारा सैल करून भोकातून हात घालायचा, तर त्यांचा हात जाईना. माझा गेला. मेणाचा गोळा मऊ करून त्यांनी चकतीला लावून दिला. बाहेरून ते टिचकी मारत होते आणि आतून मी अंधारात बोटांनी ती टिचकी शोधत होते. “हितं. हितं. आता दाब. पोरी, दाब, लाजू नको.”

पण नुसत्या चकतीचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखा येतो. मध्ये एक छोटं सर्किट लागतं, आणि ते लोखंडी डबीत ठेवावं लागतं, नाहीतर घुर्रर्र करत राहतं. काकांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, उरलेली तंबाखू खिडकीबाहेर झटकली आणि डबीला दोन भोकं पाडली. “डॉक्टर दहा वर्षं सांगून राह्यला,” काकू म्हणाल्या. “त्याला म्हणावं, गिटार द्यायची.” ती सवय खरंच सुटली की काय मला माहीत नाही. नवीन डबी मात्र मी पाहिली नाही.

चौथ्या दिवशी सर्किट जोडून झालं. मी पहिला सूर वाजवला आणि तो माझ्या मांडीवरून न येता दुकानाच्या त्या कोपऱ्यातून आला. मोठा, गोल, ओलसर. मी दचकून हात काढून घेतला. हा माझाच सूर होता आणि तो माझ्याशिवाय तिकडे उभा होता. पुन्हा वाजवला. रस्त्यावर ट्रॅक्टरमधून उतरलेला एक ड्रायव्हर दारात येऊन थांबला आणि ऐकू लागला. मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले, आणि उभं राहून काय करायचं ते न कळून पुन्हा बसले.

त्याच वेळी स्पीकरने शिट्टी मारली. बारीक, टोकदार, वाढत जाणारी. ड्रायव्हरने कान झाकले. मी कान झाकले. काका आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर हात ठेवून समाधानाने हसत होते.

आतून काकूंनी उलथन्याने ताट बडवलं. ठण, ठण, ठण. काकांचा हात लगेच खाली आला आणि शिट्टी बंद झाली.

ड्रायव्हर गेल्यावर मी म्हणाले, “काका, तुम्हाला ती शिट्टी ऐकू आली नाही.” जे दिसेल ते बोलायचं होतं.

ते डबीचं झाकण उघडत-लावत राहिले. मग म्हणाले, “बारीक आवाज गेले माझे. ट्रॅक्टरनं खाल्ले. जाड येतात. लाकडातून, दातातून समदे येतात.”

घरी शिट्टी कळवायला काकूंचं ताट होतं. बाहेर कार्यक्रमाला गेले की ते लोकांच्या तोंडाकडे बघायचे. शिट्टी झाली की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या भुवया आधी आक्रसतात, पुरुषांना उशिरा कळतं, असा त्यांचा अनुभव. मंडपात कुत्रं झोपलेलं असलं तर सगळ्यात चांगलं. त्याचा कान हलला की बटण खाली. कुत्रं नसेल तेव्हा बायका. म्हणून कार्यक्रमभर त्यांची नजर मिक्सरवर नसायची, स्टेजवर नसायची. ती बायकांच्या रांगांवर फिरत असायची. एका लग्नात नवरीच्या मामाने त्यांची कॉलर धरली होती. “इकडं काय बघतो रे?” काका “चुकलं” एवढंच म्हणाले आणि सामान आवरून निघून आले.

“तुम्ही सांगायचं ना,” मी म्हणाले.

“काय सांगू? बघतो म्हणले तर लोक चार दिवस शिव्या देतेत. ऐकू येत न्हाई म्हणले तर पुन्हा साउंडला बोलावतंय कोण?” मग माझ्याकडे बोट रोखलं. “हे मात्र कुठं बोलायचं न्हाई. ही दुसरी अट.”

आता लिहायला हरकत नाही. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या कानात यंत्र आहे आणि ते गिऱ्हाइकांना स्वतःच काढून दाखवतात. दोनदा उघडूनही पाहिलंय. “आत काय खास न्हाई,” असं त्यांचं मत आहे. पण तेव्हा ती गोष्ट त्या दोघांना आणि मला, अशी तिघांनाच माहीत होती.

हळदीकुंकवाच्या आठ दिवस आधी मंडळाच्या अध्यक्षबाई आमच्या घरी चहाला आल्या. साउंडचा विषय निघाला.

“साउंड मी जालन्याहून सांगितलाय,” त्या आईला म्हणाल्या.

“गावात आहेत की ते काका,” आई म्हणाली.

“नको बाई. तो माणूस बायांकडं टक लावून बघतो. आपल्याकडं तर समद्या बायाच. मला झंझट नको.”

मी आतल्या दारात उभी होते. माझ्यासमोर दोन रस्ते होते, आणि त्यातला एक काकांनी स्वतःच बंद करून टाकला होता. खरं सांगितलं तर ते मंडपात येतील, पण त्यानंतर त्यांना कुठलंच बोलावणं येणार नाही. न सांगितलं तर जालन्याचा माणूस येईल, माझ्यासमोर एक माईक ठेवील, आणि मला पुन्हा तार जुळवून झाली का म्हणून विचारतील. आणि काका घरात बसून ते लांबून ऐकतील. म्हणजे ऐकणारही नाहीत.

“ते नसतील तर मी वाजवणार नाही,” मी म्हणाले.

आईने कप खाली ठेवला. अध्यक्षबाई वळल्या. “काय म्हणली गं?”

मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं. मग माझ्या तोंडून आपोआपच पुढचंही निघालं. “काकूंना बोलवा. त्यांना आजवर कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. त्यांना पहिल्या रांगेत बसवा. बायको समोर असताना काका कोणाकडे बघणार?”

अध्यक्षबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांना ते आवडलं. “बघू दे की मंग,” त्या हसत म्हणाल्या. “मीच बसते त्याच्यावर नजर ठिवून.”

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मला विचारलं, “दुसरी अट?”

“पाळली.”

मग खूण ठरली. शिट्टी झाली की काकूंनी डोक्यावर पदर घ्यायचा. काका फक्त काकूंकडे बघतील.

त्या दिवशी मंडप दुपारी तीनलाच भरला. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या, त्यामुळे बोलण्याच्या आवाजात वाट्यांचा आवाज मिसळला होता. काकू पहिल्या रांगेत, नवी साडी, मांडीवर हात जोडून. काका बाजूला मिक्सरपाशी. ते माईकवर म्हणाले, “हॅलो, तीळ. गूळ चिकीचा,” आणि सगळा मंडप हसला. अध्यक्षबाई काकांच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

माझी खुर्ची मी स्वतः लावून घेतली होती. थोडी वाकडी, म्हणजे माझा खांदा बायकांकडे आणि तोंड साउंडच्या बॉक्सकडे. बॉक्सकडे बघून वाजवणं मला सोपं होतं.

मी पहिला सूर वाजवला आणि तो मंडपावर पसरला. दुसरा पसरला. चौथ्या-पाचव्या सुरापर्यंत वाट्या थांबल्या. मान खाली असतानाही मला ते कळलं, कारण आता मला फक्त माझीच गिटार ऐकू येत होती.  भीती वाटत नव्हती. मी बोटांना थोडं सैल सोडलं.

आणि बॉक्सने बारीक सूर धरला. आधी डासासारखा. मग तो वाढू लागला.

मी काकूंकडे पाहिलं. काकू दिसल्याच नाहीत. मंडळातल्या एक बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन नेमक्या त्यांच्यासमोर उभ्या होत्या. त्या कुंकू लावत होत्या, अत्तर लावत होत्या, आणि काकूंच्या दोन्ही हातांत वाटी, तिळगूळ, पान-सुपारी देत होत्या. पहिल्यांदा बोलावलेल्या पाहुणीला त्या सगळं सावकाश, मानाने देत होत्या. काकूंना पदराला हात लावायलाही हात मोकळा नव्हता. पलीकडे काका मान डावीकडे काढत होते, मग उजवीकडे, टाचा उंचावत होते. आजूबाजूच्या शेकडो चेहऱ्यांवर भुवया आक्रसल्या होत्या, त्यांतल्या कोणाकडेही पाहिलं असतं तर कळलं असतं. पण त्यांनी कबूल केलं होतं. ते ताटवाल्या बाईंच्या पाठीपलीकडे आपल्या बायकोला शोधत होते आणि अध्यक्षबाई त्यांना बघत होत्या.

मी ओरडू शकत होते. “काका, शिट्टी.” मंडपात प्रत्येकीला ती ऐकू येत होती, मग यांना का सांगावं लागतंय, हेही प्रत्येकीला कळलं असतं.

बॉक्सचा आवाज गिटारच्या पोटात शिरत होता आणि तिथून पुन्हा बॉक्समध्ये जात होता, एवढं मी महिनाभरात शिकले होते. मध्ये काहीतरी आडवं यायला हवं होतं. मी वाजवणं न थांबवता उठले. पायाने खुर्ची फिरवली. ती फळीवर कर्रर्र करत फिरली. आणि मी पुन्हा बसले, बॉक्सकडे पाठ करून, सगळ्या मंडपाकडे तोंड करून. शिट्टी माझ्या पाठीवर आपटली आणि विझली.

तीनचारशे बायका माझ्याकडे बघत होत्या. मला खाली बघायचं होतं, पण मान खाली घातली की गिटार कलते आणि शिट्टी परत येईल हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत वाजवलं. रचनेचा मधला भाग वेगाचा आहे. तो मी कधीच एवढ्या वेगाने वाजवला नव्हता. एका आजीने लहान मुलाचा वाटी वाजवणारा हात धरून ठेवला होता. आई तोंडावर पदर धरून बसली होती.

ताटवाल्या बाई पुढे सरकल्या. काकू दिसल्या, कपाळभर कुंकू, दोन्ही हात भरलेले, चेहरा हसरा. काकांच्या टाचा खाली टेकल्या. त्यांनी जोरात श्वास सोडलेला मला स्टेजवरून दिसला.

“अगं, बघ की,” पुढच्या रांगेतली एक अध्यक्षबाईंना म्हणाली, आणि तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “एवढ्या बायांत हा आपल्या बायकोलाच बघून राह्यलाय.”

“कव्हाचं बघतीये मी,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “माना काढकाढून. लग्नाला तीस वर्षं झाली असतील.”

“आमच्याकडं तर जेवताना बी बघत न्हाईत.”

हे मागच्या रांगेत गेलं, तिथून त्याच्या मागच्या. बायका हसू लागल्या, बोलू लागल्या. मी अजून वाजवत होते. आदल्या वर्षी अशा बोलण्यात माझी अख्खी रचना बुडाली होती. या वेळी मला दिसलं की त्या एकमेकींच्या कानाशी वाकत होत्या, हाताने तोंडाला आडोसा करत होत्या, “काय? काय म्हणली?” विचारत होत्या. त्यांना बोलायला माझ्या गिटारच्या वर आवाज चढवावा लागत होता.

काकांना त्यातलं काही ऐकू आलं नसणार. त्यांनी फक्त वाकलेल्या माना आणि मोठी उघडलेली तोंडं पाहिली. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी तिळगूळ धरलेल्या हातानेच आवाज वाढवायची खूण केली, आणि काकांनी बटण अजून एक रेघ वर सरकवलं.